तळघरांतील कामाची खोली व तिच्यांतील उजेडाची योजना

शेतकऱ्याचें निम्में काम शेतांत होतें व निम्में घरीं. पाभरीचा फण बोथटतो, फवारणीच्या पंपाचा वॉशर झिजतो, विहिरीवरील मोटारीचें बेअरिंग वाजूं लागतें. आणि वाफसा कोणासाठींही थांबत नसल्यामुळें ही दुरुस्ती बहुधा दिवस मावळल्यावरच हातीं घ्यावी लागते. पूर्वी गांवचे सुतार-लोहार बलुत्यावर हीं कामें करून देत. ती व्यवस्था आतां राहिली नाहीं, आणि यंत्रें तर दरसाल वाढत आहेत. सबब पाने, हातोड्या, कानशी, व्हाइस, ड्रिल, ग्राइंडर इतकें सामान बागाइतदाराच्या घरीं असणें ही आज चैन नसून गरज आहे. आणि हें सामान मांडावयास एक खोली लागते.

ज्यांचे वाडे जुने आहेत त्यांस अशी खोली आयतीच मिळते. धान्य व चीजवस्तु ठेवण्यासाठीं वाडवडिलांनीं बांधलेलें तळघर पुष्कळ घरीं आज रिकामें पडलेलें आहे. तें उन्हाळ्यांत गार असतें, तेथील ठोकाठोकीचा घरच्या मंडळींस त्रास होत नाहीं, आणि हत्यारें कुलपाच्या आंत राहतात. उणीव एकच, कीं तेथें उजेड नाहीं. एखादा दिवा टांगला म्हणजे ही उणीव भरून निघते, असा सर्वसाधारण समज आहे. माझाही तसाच समज होता. तो किती चुकीचा होता व त्याऐवजी काय करावयास पाहिजे होतें, हें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. एक चूक

मीं तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केली. घरची शेती धाकटा भाऊ पाहतो. वाड्याचें तळघर वीस फूट लांब, बारा फूट रुंद व आठ फूट उंच असून भिंती काळ्या दगडाच्या आहेत. तें साफ करून आम्ही तेथें एका भिंतीशीं कामाचें मेज मांडलें व मेजाच्या टोंकास धार लावण्याचें ग्राइंडर बसविलें. वायरमननें मेजावर निराळे दोन दिवे घ्यावे असें सुचविलें होतें. परंतु वर्षानुवर्षें दुसऱ्याच्या हिशेबांतील जादा खर्च तांबड्या शाईनें खोडण्याची मला संवय. मीं तेही दिवे खोडले. छताच्या मध्यभागीं ९ वॅटचा एक दिवा लावून घेतला आणि खोली उजळली असें म्हणून मोकळा झालों.

वर्षभर कांहीं बिघडलें नाहीं. पुढें मृगाचा पाऊस पडून गेल्यावर एके रात्रीं भाऊ कुळवाच्या फासेस धार लावीत होता. दिवा त्याच्या पाठीशीं होता व त्याची स्वतःची सावली ग्राइंडरच्या चाकावर पडत होती. धार दिसेना म्हणून तो आणखी वांकला. वांकल्यानें सावली अधिकच दाट झाली. फास सरकली आणि डाव्या हाताची तर्जनी चाक व टेकण यांच्यामध्यें सांपडली. बोटाचें पहिलें पेर गेलें. आजही नट हातानें लावावयाचा असला म्हणजे तो तर्जनीऐवजी मधलें बोट वापरतो. त्यानें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. म्हणून तो मीं स्वतःस दिला पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं मीं त्याच जागीं उभा राहिलों, यंत्र बंद ठेवून चाकावर एक पांढरा कागद धरला व काम करणाऱ्याप्रमाणें वांकलों. माझ्या डोक्याची व खांद्याची सावली कागदावर पुरी पसरली. हें एवढें पाहणें आधीं केलें असतें तर पुढचा अनर्थ टळला असता. ‘दिव्याखालीं अंधार’ ही म्हण तेलाच्या दिव्याची आहे. छताला टांगलेल्या विजेच्या दिव्याचा अंधार दिव्याखालीं पडत नाहीं. तो काम करणाऱ्याच्या छातीपुढें, म्हणजे नेमका त्याच्या हातांवर पडतो.

तात्पर्य, खोलींत उजेड किती आहे हा प्रश्न दुसरा. कामावर सावली कोणाची पडते हा प्रश्न पहिला.

२. आधीं नकाशा, मग दिवे

जमिनीची वाटणी करण्यापूर्वीं मोजणी होते व नकाशा निघतो. तसाच नकाशा खोलीचाही काढावा. चौकटी आंखलेला कागद घेऊन एका चौकटीस एक फूट या मापानें भिंती, जिना, झरोके, खांब व तुळ्या दाखवाव्या. नंतर मेज, व्हाइस, ग्राइंडर, ड्रिल, हत्यारांची फळी, तेलाचे डबे व मोकळी जमीन हीं आपापल्या जागीं मांडावीं. शेवटीं प्रत्येक कामाच्या जागीं माणूस कोठें उभा राहील व त्याचें तोंड कोणीकडे असेल हें बाणानें दाखवावें. हा बाण फार महत्त्वाचा आहे, कारण दिव्याची जागा त्यावरून ठरते. बाणाच्या शेंपटाकडे दिवा असेल तर सावली कामावर पडेल. बाणाच्या टोंकाकडे असेल तर ती माणसाच्या मागें पडेल.

झरोका असल्यास तोही हिशेबांत धरावा. झरोक्यांतील जाळी-कचरा काढून त्याच्या आंतल्या बाजू पांढऱ्या केल्या तर आकाशाचा उजेड खोलींत बराच खोलवर येतो. मेज झरोक्याच्या बाजूला, म्हणजे उजेड डावीकडून किंवा उजवीकडून येईल असें ठेवावें. झरोका पाठीशीं घेऊं नये. तोंड सरळ त्याच्याकडे केल्यास डोळे दिपतात व हातांतील वस्तु काळी दिसते, म्हणून तसेंही करूं नये.

३. दिव्याची जागा

मेजावरील दिवा माणसाच्या डोक्याच्या मागें किंवा बरोबर डोक्यावर नसावा. तो डोकें व भिंत यांच्या दरम्यान, मेजाच्या पुढल्या कडेच्या जरा आंत असावा. मेज जमिनीपासून तीन फूट उंच असेल तर दिवा साडेसहा फुटांवर, म्हणजे मेजापासून साडेतीन फूट उंच ठेवावा. इतक्या उंचीवर तो डोक्यास लागत नाहीं व प्रकाशही पुरेसा मिळतो. दिव्याच्या माणसाकडील बाजूस चार बोटें रुंदीची पत्र्याची पट्टी लावावी, म्हणजे दिवा डोळ्यांत न शिरतां कामावरच पडतो.

गोल बल्बापेक्षां चार फुटी लांब पट्टीचा दिवा मेजास अधिक चांगला. बल्बाचा उजेड एका ठिकाणाहून येतो, म्हणून त्याची सावली काळी व धारदार पडते. लांब दिव्याचा उजेड चार फुटांवरून येतो. हात एका बाजूचा उजेड अडवितो तेव्हां दुसऱ्या बाजूचा पोंचतो, व सावली फिकी पडते. सहा-सात फुटांच्या मेजावर असे दोन दिवे एकापुढें एक लावावे.

अंतराचा नियमही लक्ष्यांत ठेवावा. बल्बापासून अंतर दुप्पट केलें तर त्या जागेवरील उजेड निम्मा न राहतां चौथा हिस्सा राहतो. तिप्पट केलें तर नववा हिस्सा. दूरच्या मोठ्या दिव्यापेक्षां जवळचा लहान दिवा कां बरा, याचें उत्तर या नियमांत आहे. ग्राइंडर व ड्रिल यांजवळ वांकविता येणाऱ्या दांड्याचा एक लहान दिवा ठेवावा. उजव्या हातानें काम करणाऱ्यास तो डावीकडून व डावखोऱ्यास उजवीकडून असावा.

दिवे कायमचे ठोकण्यापूर्वीं एक रात्र परीक्षा करावी. पेटीचा दिवा किंवा मोबाइलची विजेरी एका काठीस बांधून कोणी तरी नकाशावरील जागीं धरावी. दुसऱ्यानें यंत्र बंद ठेवून कामाच्या जागीं पांढरा कागद धरावा आणि नेहमींप्रमाणें वांकावें. कागदावर डोक्याची सावली पडली तर जागा बदलावी. या परीक्षेस पैसा लागत नाहीं.

४. भिंती व छत

उजेडाचें गणित शेतकऱ्यास पाण्यावरून चटकन् समजतें. दिव्यांतून बाहेर पडणारा एकंदर उजेड ल्युमेन या मापानें मोजतात. तें पंपाचें पाणी समजावें. प्रत्यक्ष कामाच्या जागेवर पडणारा उजेड लक्स या मापानें मोजतात. तें वाफ्यांत पोंचलेलें पाणी समजावें. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन उजेड पोंचला म्हणजे तो एक लक्स. पंपाचें सर्व पाणी वाफ्यांत पोंचत नाहीं, मातीचा पाट वाटेंत तें पितो. त्याचप्रमाणें काळ्या भिंती उजेड पितात. ताजी सफेदी केलेली भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकीं शेंकडा सत्तर-ऐंशी भाग परत खोलींत टाकते. काळ्या दगडाची किंवा धुरानें माखलेली भिंत जेमतेम दहाएक भाग परत देते. सफेदी म्हणजे उजेडाच्या पाटाचें अस्तर होय.

यास्तव दिवे विकत घेण्यापूर्वीं भिंती व छत पांढरे करावे. तळघराच्या भिंतींस ओल असते, म्हणून तेलाचा किंवा प्लॅस्टिकचा रंग लावूं नये. मागची ओल कोंडून त्याचे पापुद्रे सुटतात. कळीचा चुना चांगला भिजवून, गाळून, त्याचे दोन-तीन हात द्यावे. चुन्यांतून ओल बाहेर पडूं शकते. चुना भिजवितांना तो उकळतो व उडतो, त्या वेळीं डोळे संभाळावे व मुलांस दूर ठेवावें. छताच्या सागवानी तुळ्याही पांढऱ्या कराव्या. मेजामागील भिंतीची सफेदी दरवर्षीं दिवाळीपूर्वीं नवी करावी, कारण तेथें तेलकट हात लागून ती लवकर मळते.

५. किती उजेड पुरेल

बाहेर भर दुपारच्या उन्हांत सुमारें एक लाख लक्स उजेड असतो. पौर्णिमेच्या चांदण्यांत एक लक्सही नसतो. डोळा या दोन्हींशीं जमवून घेतो, आणि त्यामुळेंच ‘दिसतें आहे’ या आपल्या समजावर विश्वास ठेवतां येत नाहीं. कामाच्या खोलीसाठीं मोटें माप असें धरावें : ठेवण्या-उचलण्यास १०० लक्स, सर्वसाधारण वावर व जाड कामास १५०, मेजावरील नेहमींच्या कामास ३०० आणि बेअरिंग, कार्बुरेटर, मोटारीचे वेढे अशा बारीक कामास ५०० किंवा अधिक. भारतीय मानक ब्यूरोची या विषयावर आय.एस. ३६४६ ही संहिता आहे. मोठा कारखाना काढणारानें ती पाहावी.

आतां आमच्या तळघराचा हिशेब करूं. वीस गुणिले बारा म्हणजे २४० चौरस फूट, अर्थात् सुमारें २२ चौरस मीटर. सर्व खोलीस १५० लक्स उजेड पाहिजे. २२ गुणिले १५० म्हणजे ३,३०० ल्युमेन जागेवर पोंचले पाहिजेत. सफेदी केलेल्या खोलींत दिव्याचा सुमारें निम्मा उजेड कामाच्या पातळीवर पोंचतो असें धरलें तर दिव्यांतून ६,६०० ल्युमेन निघाले पाहिजेत. धूळ बसून व दिवा जुना होऊन पांचवा हिस्सा घटेल असें धरून हा आंकडा ८,२५० होतो. चार फुटी २० वॅटचा एल.ई.डी. पट्टी दिवा सुमारें २,००० ल्युमेन देतो. म्हणून असे चार दिवे पुरे. हीच खोली काळी ठेवली तर निम्म्याऐवजी शेंकडा तीसच भाग पोंचतो असें समजून हिशेब १३,७५० ल्युमेनवर जातो व सात दिवे लागतात. एका सफेदीनें तीन दिवे वांचले, आणि त्यांची वीजही वांचली.

हे चार दिवे छतावर दोन ओळींत, भिंतीपासून साधारण तीन फूट आंत घ्यावे. सर्व मध्यभागीं जमवूं नयेत. मेजावरील दोन निराळे. त्यांचीं बटनेंही निराळीं असावीं, म्हणजे नुसतें पोतें उचलावयास सर्व दिवे लावण्याचें कारण पडत नाहीं.

येथें वयाचाही विचार केला पाहिजे. विशींतील माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जितका उजेड पोंचतो, त्याच्या सुमारें तिसरा हिस्साच साठींतील माणसाच्या पडद्यावर पोंचतो. मुलास पुरलेला दिवा बापास पुरत नाहीं, यांत बापाची खोड नसून डोळ्याचा धर्म आहे. खोलींत जो सर्वांत वडील माणूस काम करणार असेल त्याच्या मानानें उजेड ठरवावा.

६. उजेडाची जात

दिवा घेतांना नुसते वॅट पाहूं नयेत. वॅट हें दिवा किती वीज खातो त्याचें माप आहे, किती उजेड देतो त्याचें नव्हे. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारें ७०० ल्युमेन देई. आजचा ९ वॅटचा एल.ई.डी. तितका किंवा त्याहून अधिक देतो. हा फरक निळ्या एल.ई.डी.च्या शोधामुळें शक्य झाला, व त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस सन २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां खोक्यावरील ल्युमेनचा आंकडा वाचूनच किंमत ठरवावी.

दुसरी गोष्ट रंगाची. मोटारीच्या तीन फेजांच्या तारा लाल, पिवळ्या व निळ्या असतात, अर्थिंगची हिरवी. हलक्या दिव्याखालीं हे रंग एकमेकांसारखे भासून जोडणी चुकते. दिवा रंग किती खरे दाखवितो याचा १०० पैकीं अंक खोक्यावर सी.आर.आय. या नांवानें छापलेला असतो. तो ८० पेक्षां कमी असलेला दिवा घेऊं नये. उजेडाचा पिवळेपणा किंवा निळेपणा केल्व्हिन या मापांत असतो. ६,५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा बाजारांत फार खपतो. कामाच्या खोलीस ४,००० ते ५,००० केल्व्हिनचा दिवा डोळ्यांस सौम्य पडतो.

तिसरी गोष्ट लुकलुकण्याची, व ती फिरत्या यंत्राजवळ जिवाशीं गांठ घालणारी आहे. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें निकृष्ट दिवा सेकंदास १०० वेळां मंद-तेज होतो. डोळ्यास तें कळत नाहीं. परंतु चार आऱ्यांची पुली मिनिटास १,५०० फेरे घेत असली तर सेकंदांत २५ फेरे व १०० आरे होतात. म्हणजे प्रत्येक लुकलुकीस एका आऱ्याच्या जागीं नेमका पुढचा आरा येतो, आणि फिरती पुली थांबलेली दिसते. प्रत्यक्षांत मोटार थोडी कमी फिरते, म्हणून पुली उलट दिशेनें सावकाश सरकतांना भासते. कडबाकुट्टीचें चाक किंवा ड्रिल थांबलें असें समजून हात घालणाऱ्याची काय गत होईल हें सांगावयास नको. परीक्षा सोपी आहे : दुकानांतच दिवा लावून त्याच्याकडे मोबाइलचा कॅमेरा धरावा; पडद्यावर काळे पट्टे दिसले तर तो दिवा कामाच्या खोलीसाठीं घेऊं नये. शिवाय यंत्र थांबलें कीं नाहीं हें डोळ्यानें न ठरवितां, बटन बंद करून व प्लग काढूनच ठरवावें.

७. जिना

तळघराच्या योजनेंत जिना प्रथम यावयास पाहिजे, पण तोच बहुधा विसरला जातो. जिन्याच्या माथ्यावर व पायथ्याशीं एकेक दिवा असावा, आणि दोन्ही ठिकाणांहून लागेल व मालवेल असें दुतर्फा बटन असावें. अंधारांत उतरून बटन चांचपण्याची पाळी कोणावर येऊं नये. पायरीच्या कडेस दोन बोटें रुंद पांढरा पट्टा ओढावा, आणि डोकें लागेल अशी तुळई असल्यास तिच्यावरही ओढावा.

दिवसा तळघराच्या जिन्यास रात्रीपेक्षां अधिक उजेड लागतो. हें ऐकून नवल वाटेल. परंतु वैशाखाच्या उन्हांतून एकदम आंत येणाऱ्याचे डोळे उन्हास सरावलेले असतात. अंधारास पुरतें सरावण्यास डोळ्यांस वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि पायऱ्या तर अर्ध्या मिनिटांत उतरून होतात. म्हणून जिन्यांतील दिवा दिवसाही लावावा.

वीज जाणें हें खेड्यांत नित्याचें आहे. ग्राइंडर चालू असतां वीज गेली तर चाक कांहीं वेळ फिरतच राहतें आणि माणूस अंधारांत त्याच्याजवळ उभा असतो. पेटीचा असा एक दिवा, जो वीज जातांच आपोआप लागतो, मेज व जिना यांच्यामध्यें भिंतीवर कायमचा ठेवावा आणि महिन्यांतून एकदां बटन बंद करून तो लागतो कीं नाहीं हें पाहावें.

८. ओल व वीज

तळघराची जमीन व भिंती ओलसर असतात आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसास विजेचा धक्का अधिक जोरानें बसतो. सबब हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें. परंतु तो काय करतो हें मालकास समजलें पाहिजे.

पहिलें, अर्थिंग. तें नुसतें तारेच्या रंगापुरतें नसून जमिनींत पुरलेल्या पट्टीपर्यंत पोंचलेलें असावें. दुसरें, ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवावी. हें यंत्र कारकुनासारखें आहे. आंत गेलेली वीज व परत आलेली वीज यांचा तें ताळा घेत असतें. ताळा जुळला नाहीं, म्हणजे कांहीं वीज माणसाच्या अंगांतून किंवा ओल्या भिंतींतून जमिनींत जात आहे असें समजून तें सेकंदाच्या अंशांत पुरवठा तोडतें. एम.सी.बी. हें काम करीत नाहीं. ती तारेचें रक्षण करते, माणसाचें नव्हे. आर.सी.सी.बी.वर परीक्षेचें एक बटन असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. ती आहे म्हणून अर्थिंग नको असें मात्र समजूं नये.

तिसरें, दिव्यांची फेरी व यंत्रांची फेरी निराळी ठेवावी व प्रत्येकीस स्वतंत्र आर.सी.सी.बी. द्यावी, म्हणजे यंत्रांत बिघाड होऊन त्याचा पुरवठा तुटला तरी दिवे चालू राहतात. दिव्यांस दीड चौरस मिलिमीटर व यंत्रांच्या प्लगास अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. दगडी भिंत फोडून तार आंत पुरूं नये, भिंतीवरून पी.व्ही.सी. नळींतून न्यावी. चौथें, दिवे बंद बनावटीचे, ज्यांवर आय.पी. ६५ असें छापलेलें असतें असे घ्यावे. त्यांत धूळ व पाणी शिरत नाहीं. पांचवें, हातांत धरावयाचा दिवा २३० व्होल्टचा कधींही नसावा. उघड्या होल्डरास लांब वायर जोडून तयार केलेला दिवा अनेक घरीं दिसतो. तो आजच काढून टाकावा आणि पेटीची विजेरी वापरावी.

पेट्रोल, थिनर वगैरे द्रव्यें तळघरांत सांठवूं नयेत. त्यांची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती खालींच सांचते आणि दिव्याच्या बटनाची एक ठिणगी तिला पुरते. तसेंच डिझेल किंवा पेट्रोलचें इंजिन तळघरांत चालवून पाहूं नये; त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो, त्यास वास नसतो व माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याचा सुगावा लागत नाहीं. इंजिन अंगणांत चालवावें.

९. खर्चाचा हिशेब

छताचे चार व मेजाचे दोन असे २० वॅटचे सहा दिवे, म्हणजे १२० वॅट; जिन्याचे ९ वॅटचे दोन, म्हणजे १८; एकूण १३८ वॅट. सर्व दिवे रोज तीन तास लागले असें धरलें तरी तीस दिवसांत १२.४२ युनिट होतात. युनिटचा भाव आठ रुपये धरला तर ९९ रुपये ३६ पैसे. माझ्या त्या एका दिव्यास याच मानानें ६ रुपये ४८ पैसे लागले असते. अर्थात् माझ्या काटकसरीची किंमत दरमहा ९२ रुपये ८८ पैसे होती. हा हिशेब मला वायरमननें सुचविलें त्याच दिवशीं पांच मिनिटांत करतां आला असता. मीं तो केला नाहीं, कारण खर्चाचा रकाना मला दिसत होता आणि दुसरा रकाना दिसत नव्हता.

सारांश

वाचकांच्या सोयीसाठीं कामाचा क्रम पुन्हां मांडतों. प्रथम जिन्याचा उजेड पाहावा. नंतर नकाशा काढून प्रत्येक कामाच्या जागीं माणसाचें तोंड कोणीकडे आहे हें ठरवावें. भिंती व छत चुन्यानें पांढरे करावे. खोलीचे ल्युमेन मोजून छताचे दिवे पसरून लावावे. मेजावर, ग्राइंडरवर व ड्रिलवर स्वतंत्र दिवे, माणसाच्या पुढून किंवा बाजूनें येतील असे घ्यावे. दिवा लुकलुकत नाहीं व रंग खरे दाखवितो याची खात्री करावी. अर्थिंग व आर.सी.सी.बी. झाल्याशिवाय एकही दिवा लावूं नये. आणि शेवटीं पांढरा कागद हातांत घेऊन, यंत्र बंद ठेवून, प्रत्येक जागीं वांकून पाहावें.

आमच्या तळघरांत आतां ही सर्व व्यवस्था झाली आहे. भाऊ पूर्वीप्रमाणें तेथेंच काम करतो. ग्राइंडर नवीन जागीं हलविलें त्या दिवशीं त्यानें कागद स्वतः धरून पाहिला, दिवा चार बोटें डावीकडे घ्यावयास सांगितला, आणि वायरमननें तो तसा घेतल्यावरच यंत्राचें बटन दाबलें.